दुष्काळातली चूल: बहात्तरच्या काटकसरीच्या स्वयंपाकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात ‘बहात्तर’ म्हटलं की साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही. त्या दुष्काळात घराघरांतल्या बायकांनी जे रांधलं, त्याबद्दल लोक आजही विचारतात. कुणाला महागाईतून वाट काढायची असते, कुणाला आजीच्या हातची चव हवी असते, कुणाला वाया जाणारं अन्न बघवत नाही. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

बहात्तरचा दुष्काळ म्हणजे नेमका कोणता काळ?

१९७० आणि १९७१ मध्ये पाऊस आधीच कमी झाला होता. १९७२ मध्ये त्याने पाठच फिरवली. तेव्हाचे अहमदनगर, सोलापूर, औरंगाबाद, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे, पुणे-सातारा-सांगलीचा पूर्व भाग, नाशिकची कोरडवाहू गावं, सगळीकडे खरीप गेला आणि रब्बीही हाती लागली नाही. विहिरी आटल्या. सरकारने खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नाला बांधबंदिस्ती अशी कामं काढली. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात आकाराला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

स्वयंपाकघराच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दिवसभर खडी फोडून आलेली बाई संध्याकाळी चुलीपुढे बसत होती. तेव्हाच्या युक्त्या निवांत बसून सुचलेल्या नव्हत्या. थकलेल्या हातांना, थोड्या सरपणात आणि हंडाभर पाण्यात जे जमेल तेच टिकलं.

त्याआधी टंचाई नव्हती का?

होतीच. मुंबईत दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, रेशनिंग सुरू झालं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातलं एक जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि पुष्कळ घरांनी सोमवारची रात्र पाळली. बहात्तरच्या बायकांनी जे केलं त्यातलं बरंचसं त्यांच्या आयांनी आणि आज्यांनी आधीच करून ठेवलेलं होतं.

मिलो म्हणजे काय? तिची भाकरी खरंच इतकी वाईट व्हायची का?

मिलो म्हणजे परदेशातून, मुख्यतः अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. ती रेशनवर मिळे. दगडी, मालदांडी या गावच्या ज्वाऱ्या खाल्लेल्या माणसाला ती आवडणं कठीण होतं: रंग तांबडा, चव तुरट, आणि पिठाला विरी, म्हणजे धरून ठेवणारा चिकटपणा, नाही.

ज्वारीत गव्हासारखा चिकट ग्लूटेन मुळातच नसतो. ताज्या, चांगल्या ज्वारीच्या पिठात विरी असते म्हणून भाकरी थापता येते. धान्य जुनं असेल किंवा पीठ दळून बरेच दिवस झाले असतील तर विरी जाते. मग परातीत थापताना कड फाटते, उचलायला गेलं की भाकरीचे दोन तुकडे हातात येतात.

यावर बायकांनी काढलेला उपाय आजही तितकाच उपयोगी आहे, कारण पॅकबंद ज्वारीच्या पिठाचं दुखणं तेच आहे. आधी पाणी उकळायचं, अगदी खळखळ. चिमूटभर मीठ घालायचं. पीठ परातीत घेऊन मध्ये आळं करायचं आणि त्यात हे पाणी ओतून उलथन्याने कालवायचं. हात लावायची घाई करायची नाही. वर ताट झाकून पाच-सात मिनिटं तसंच ठेवायचं. उकळत्या पाण्याने पिठातला थोडा स्टार्च फुलतो आणि तो चिकटपणाचं काम करतो. मग गार पाण्यात हात बुडवत, तळव्याच्या टाचेने दाबून दाबून मळायचं. इथे कंटाळा केला तर सगळं फुकट. एका भाकरीपुरता गोळा पुन्हा वेगळा घेऊन मळायचा, तळाला भरपूर पीठ भुरभुरायचं आणि मधून कडेकडे थापत न्यायचं. कड फाटलीच तर ओल्या बोटाने तिथल्या तिथे जुळवायची. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर लगेच पाणी फिरवायचं. हे पाणी वाळायच्या आत उलटायची नाही आणि पार वाळू द्यायचीही नाही. पुढे आरावर शेकली की पदर सुटतो.

उडीद असतील तर आणखी सोपं. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालीचे काळे उडीद घालून दळलं की कळण्याचं पीठ होतं. उडदाचा चिकटपणा विरीची उणीव भरून काढतो, शिवाय पोटाला आधार राहतो. खानदेशात ही भाकरी आजही हौसेने खातात.

सुकडी कशाची असायची?

पीठ भाजून त्यात गूळ आणि तेल घालून केलेला कोरडा, भरड खाऊ. दुष्काळी कामांवर मजुरांना आणि मुलांना तो वाटला जाई. घरी करायची असेल तर दोन वाट्या गव्हाचं जाडसर पीठ थोड्या तेलावर खमंग भाजा, गॅस बंद करून पाऊण वाटी किसलेला गूळ मिसळा, मूठभर दाण्याचा कूट घाला. आठवडाभर टिकते. प्रवासात मुलांना द्यायला बिस्किटांपेक्षा मला ती केव्हाही बरी वाटते.

आंबील, कण्या, माडगं: हे सगळं एकच का?

नाही, पण तिघांमागचा विचार एक आहे. मूठभर पिठाची भाकरी केली तर ती एकाच्या पोटात जाते, पातळ शिजवलं तर चार वाट्या भरतात. पीठ शिजताना भरपूर पाणी धरून ठेवतं, गरम वाटीने पोट भरल्यासारखं वाटतं आणि उन्हात राबणाऱ्याला मीठ-पाणीही मिळतं. यात जास्तीचं अन्न कुठून येत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. पिठातली ताकद तेवढीच राहते, ती चार जणांत वाटली जाते एवढंच.

आंबील अशी करा. रात्री तीन-चार चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी तीन पेले पाणी उकळा, त्यात ठेचलेला लसूण, जिरं, मीठ टाका आणि हे आंबलेलं पीठ बारीक धारेने ओतत सतत ढवळा. ढवळणं थांबलं की गुठळी झालीच. दहा मिनिटं मंद आचेवर रटरटू द्या. प्यायला पातळ हवी असेल तर गार झाल्यावर वरून ताक घाला. आंबवल्यामुळे धान्यातलं, लोह अडवून धरणारं फायटेट काही प्रमाणात कमी होतं आणि त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. कोकणात आणि मावळात हीच गोष्ट नाचणीची करतात.

कण्या म्हणजे ज्वारीचा भरडा. ओल्या हाताने चोळून, कोंडा पाखडून तो भातासारखा शिजवायचा आणि ताकाबरोबर खायचा. तांदूळ न पिकणाऱ्या मुलखात भाताची जागा कण्यांनीच घेतली. अंबाडीची आंबट भाजी करतानाही मूठभर कण्या तिच्यात शिजवतात, म्हणजे भाजी वाढते आणि आंबटपणाही आटोक्यात राहतो.

माडगं हुलग्याचं. हुलगे म्हणजे कुळीथ, अगदी थोड्या पाण्यावर येणारं कडधान्य. ते भाजून दळायचं. चार चमचे पीठ गार पाण्यात कालवून तीन पेले उकळत्या पाण्यात सोडायचं, गूळ, मीठ, सुंठ घालून शिजवायचं. वासाने आधी नाक मुरडणारी मुलंसुद्धा थंडीत दुसरी वाटी मागतात.

याच पिठाची शेंगोळी म्हणजे काटकसरीचा उत्तम नमुना आहे, असं माझं मत आहे. लसूण, ओवा, मिरची घालून घट्ट मळलेल्या पिठाच्या बोटभर वळकट्या करायच्या आणि फोडणी दिलेल्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. सुटलेल्या पिठाने पाणी आपोआप दाट होतं. भाकरी, आमटी आणि भाजी ही तिन्ही कामं एका पातेल्यात, एका जाळावर उरकतात.

तेल नसताना चव कशी आणायची?

तीन वाटा होत्या.

पहिली, फोडणी शेवटी द्यायची. आमटी बिनतेलाची शिजवून घ्यायची. लोखंडी पळी निखाऱ्यावर लाल होईपर्यंत तापवायची, तिच्यात चमचाभर तेल, ठेचलेला लसूण, मिरची आणि हळद, आणि ती तशीच चर्रकन आमटीत बुडवून वर झाकण. एवढ्याशा तेलाचा वास अख्ख्या भांड्यात कोंडला जातो. हेच तेल सुरुवातीला घातलं असतं तर शिजता शिजता वास उडून गेला असता.

दुसरी वाट म्हणजे तेलबिया तशाच खायच्या. जवस, कारळ, तीळ, शेंगदाणे यांच्यात वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत तेल असतं. भाजून, लसूण-मिरची-मीठ घालून कुटलं की भाकरीला लागणारा ओलावा चटणीतूनच मिळतो. जवस मात्र भाजून कुटायलाच हवी. अख्खी खाल्ली तर बरीचशी न पचताच बाहेर पडते.

तिसरी वाट भाजण्याची. कांदा, वांगं, मिरची आरात भाजून ठेचली की तेलाची आठवणही येत नाही.

येसर काय असतं?

मराठवाड्यातल्या घरात बरणीत भरून ठेवलेली तयार आमटी म्हटलं तरी चालेल. एक वाटी गहू, अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी ज्वारी किंवा बाजरी, पाव वाटी धणे, एक चमचा जिरं, थोडी मिरी, सुंठेचा तुकडा आणि सोसतील तेवढ्या सुक्या मिरच्या. प्रत्येक जिन्नस वेगळा, कोरडा भाजायचा, कारण गहू तडतडायला लागतो तोवर जिरं जळून गेलेलं असतं. गार झाल्यावर हळद घालून बारीक दळायचं.

घरात भाजी नाही, डाळ नाही, खोबरं तर नाहीच, अशा दिवशी दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडलं की आमटी तयार. भाजलेल्या पिठाने दाटपणा येतो आणि भाजल्याचा खमंग वास वाटणाची कसर भरून काढतो. आज कामावरून उशिरा येणाऱ्या माणसासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही मला माहीत नाही.

डाळ कमी असेल तर आमटी कशी पुरवायची?

पातळ करून कोथिंबिरीची पानं, मुळ्याचा किंवा शेवग्याचा पाला, चाकवत, जे असेल ते घालून. सणाला पुरण घातलं तर डाळ शिजवलेलं पाणी कधी ओतलं जात नसे, त्याचीच कटाची आमटी. आणि डाळीतच चकोल्या म्हणजे वरणफळं सोडली की पोळ्या लाटून भाजण्याचं सरपण वाचे.

सरपण कसं वाचवायचे?

याबद्दल सगळ्यात कमी विचारलं जातं, पण धान्याइतकीच टंचाई जाळाची होती. पिकं नाहीत म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, तुराट्या नाहीत, कपाशीच्या पळाट्या नाहीत. जनावरं छावणीत गेली की शेणही नाही, म्हणजे गवऱ्याही नाहीत.

मुख्य चुलीच्या बाजूला वैल असतो, त्याला वेगळा जाळ लागत नाही. पुढची चूल पेटली की तिची धग आतल्या वाटेने वैलावर येते. भाकऱ्या होईपर्यंत तिथे डाळ शिजे किंवा पाणी तापे. तुराटी भडकते आणि लगेच विझते, गवरी धुमसत राहते. म्हणून उकळी आणायला तुराटी आणि शिजवत ठेवायला गवरी. भाकऱ्या झाल्यावर उरलेल्या आरात रताळं किंवा वांगं पुरायचं.

डाळीच्या पातेल्यावर झाकण म्हणून ताटली ठेवत आणि तिच्यात पाणी ओतत. खालच्या वाफेने ते तापे. डाळीतलं पाणी आटलं की हेच गरम पाणी आत घालायचं. गार पाणी घातलं की उकळी मोडते, डाळ रेंगाळते आणि जाळ वाढतो. आपल्या गॅसवरही ताटलीतलं पाणी हीच बचत करतं.

चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालायचे. आंबटामुळे दाणा मऊ व्हायला वेळ लागतो. दुष्काळात विहिरीच्या तळाचं पाणी जड, क्षारांचं असे आणि त्यात डाळ शिजता शिजत नसे. मग पापडखार किंवा सोडा टाकत. डाळ शिजते खरी, पण सोड्याने बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. कडधान्य रात्रभर भिजवणं हा त्यापेक्षा कितीतरी चांगला उपाय.

भाताला पाच-सात मिनिटं चांगली उकळी आली की घट्ट झाकण लावून पातेलं गोधडीत किंवा पोत्यात गुंडाळून ठेवायचं. अर्ध्या-पाऊण तासात भात स्वतःच्याच उष्णतेत शिजतो. पातेलं मात्र भरलेलं हवं, पाव भरलेलं लगेच निवतं. आणि गुंडाळून ठेवलेला भात गरम असतानाच खायचा, दिवसभर तसाच ठेवायचा नाही.

आणि पाणी?

भांडी राखेने कोरडी घासून मग थोड्या पाण्याने विसळत. राखेतला क्षार तेलकटपणा काढतो. परातीला लागलेलं पीठ आणि हाताचं पीठ धुतलेलं पाणी आमटीत किंवा आंबिलीत जाई. तांदळाचं धुवण जनावराला. भाजी धुतलेलं पाणी आजही कुंडीत घालता येतं.

कोणत्या साली आणि देठ खाता येतात?

दोडक्याच्या शिरा आणि दुधीची साल बारीक चिरून तीळ-मिरचीबरोबर परतली की चांगली चटणी होते. मुळ्याचा पाला, फुलकोबीचे कोवळे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, कलिंगडाचा पांढरा भाग, फणसाच्या आठळ्या, भोपळ्याच्या बिया, भाजून सोललेले चिंचोके, हे सगळं खाल्लं जात होतं. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढला की उरलेल्या चोथ्यात तिखट-मीठ घालून वड्या वाळवत.

दोन गोष्टींना मात्र काटकसर लावू नका. दुधी किंवा दोडका कडू लागला तर थुंका आणि अख्खा टाकून द्या. शिजवून तो विषारी कडूपणा जात नाही. हिरवा पडलेला बटाटाही नको. आजच्या भाज्यांवर फवारण्या असतात, तेव्हा साल वापरणार असाल तर चांगली चोळून धुवा.

दुष्काळात रानभाज्या कुठून मिळायच्या?

पाऊस नसेल तर रानभाजीही फारशी नसते, त्यामुळे बहात्तरमध्ये सगळीकडे रानभाज्याच खाल्ल्या हे चित्र काही खरं नाही. पहिल्या एक-दोन सरींवर तरोटा, कुर्डू, तांदुळजा, घोळ, पाथरी उगवे, ओढ्याकाठी थोडं हिरवं राही. झाडांचा आधार मोठा होता: शेवग्याचा पाला, हादग्याची फुलं, उंबरं, चिंचेचा कोवळा पाला. चांगल्या वर्षी हरभऱ्याचा पाला खुडून वाळवून ठेवलेला असे. तो चुरून, थोडं बेसन किंवा कण्या लावून भाजी होई.

चित्र पाहून रानभाजी खुडू नका. ओळखणाऱ्या माणसाने हातात दिलेलीच खा.

लाखोळी डाळ स्वस्त आणि काटक असते. ती खावी का?

हा प्रश्न विदर्भातून, विशेषतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडून येतो, कारण तिथे भाताच्या शेतात लाख म्हणजे खेसारी पेरण्याची जुनी रीत आहे.

टंचाईतल्या सगळ्याच सवयी शहाणपणाच्या नव्हत्या, याचं हे सर्वांत दुःखद उदाहरण आहे. लाखेत ओडॅप नावाचं, मज्जासंस्थेला इजा करणारं द्रव्य असतं. इतर अन्नाबरोबर अधूनमधून थोडी खाल्ली तर सहसा काही होत नाही. पण तीच मुख्य अन्न झाली आणि दोन-तीन महिने तशीच चालली तर लॅथिरिझम होतो: पायांतली ताकद जाते, स्नायू ताठरतात, टाचा टेकत नाहीत, माणूस काठीवर येतो. ते पाय पुन्हा पूर्ववत होत नाहीत. तरणीताठी, राबणारी माणसं यात अधू झाली. क्रौर्य असं की दुसरं काहीच पिकत नाही तेव्हा लाख तग धरते, म्हणजे ती पोटभर खाण्याची वेळ नेमकी दुष्काळातच येते. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणाने.

गरम पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, पुन्हा भरपूर पाण्यात शिजवून पाणी ओतून दिलं की विष बरंच उतरतं, सगळं जात नाही. माझं उत्तर सरळ आहे: काटकसरीसाठी लाख निवडू नका. हुलगे, मटकी, चवळी तितक्याच काटक आहेत आणि त्यांच्यात हा धोका नाही. सुटं बेसन किंवा तूरडाळ संशयास्पद स्वस्त मिळत असेल तर भेसळ लाखेची असू शकते. तिचा दाणा पाचरीसारखा, कोनदार असतो.

शिळं काय चालतं आणि काय नाही?

भाकरी कोरडी असते, म्हणून दुसऱ्या दिवशी चालते. कुस्करून, ताक किंवा पाणी शिंपडून, लसूण-शेंगदाण्याची फोडणी दिली की न्याहारी होते. कडक झालेली भाकरी आमटीत चुरायची. शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून मलिदा.

भाताचं तसं नाही. शिजलेला भात उबेत तासन्‌तास राहिला तर त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. फोडणीचा भात करायचा असेल तर उरलेला भात लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवा. बुरशी आलेली भाकरी किंवा ब्रेड तेवढाच भाग कापून खाऊ नका. खवट किंवा काळपट, बुरशीचे शेंगदाणे तर अजिबात नको. त्यातलं अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक असतं आणि भाजून ते जात नाही.

धान्याला कीड लागू नये म्हणून काय करत?

उन्हात कडक वाळवणं सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं त्यानंतर. कणगीत कडुलिंबाचा वाळलेला पाला, कडधान्याला चाळलेली राख, तूरडाळीला एरंडेलाचा हात. किलोला चमचाभर एरंडेल पुरतं, आणि शिजवण्याआधी डाळ गरम पाण्याने धुवायची.

मोठ्या शेतकऱ्याकडे पेव असे, म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. तोंड लिंपून बंद केलं की आतली हवा धान्याच्या श्वासानेच संपते आणि किडे मरतात. याच कारणाने नुकतं उघडलेलं पेव माणसालाही मारतं. उघडून, हवा खेळू देऊन, दिवा सोडून बघितल्याशिवाय आत उतरत नसत. कुठे जुनं पेव सापडलं तर मुलांना त्यात डोकावू देऊ नका.

या जेवणातून पोषण मिळायचं का? ‘जुनं ते पौष्टिक’ असं म्हणतात.

जिथे ज्वारीबरोबर डाळ, ताक आणि पाला होता तिथे बऱ्यापैकी मिळे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळीत ते भरपूर, म्हणून भाकरी-आमटीची जोडी एकमेकांना सावरते. पण नुसती ज्वारी खाऊन राहिलेल्या दख्खनच्या गरीब माणसांत पेलाग्रा दिसत होता: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे, खरखरीत चट्टे आणि जुलाब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला आहे. दुष्काळातलं जेवण लोकांनी आरोग्यासाठी निवडलेलं नव्हतं. आज बाजरी-ज्वारीचं कौतुक करताना हे विसरलं जातं, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी बचत कुठे व्हायची?

बाईच्या ताटात. आधी मुलं, मग कामावरचा पुरुष, मग सासू-सासरे, आणि शेवटी परातीत जे उरेल ते तिचं. अनेकींनी ‘मला भूक नाही’ म्हणत ती वर्षं काढली. अंगावर पाजणारी, पोटुशी, सगळ्या त्यातच. कोंड्याचा मांडा करणारी म्हणून तिचं कौतुक झालं, पण तिने किती मांडा खाल्ला हे कुणी विचारलं नाही.

म्हणून या पानावरच्या सगळ्या युक्त्यांपैकी एक रीत सोडून द्या. हात आखडता घ्यायची वेळ आली तर सगळ्यांची ताटं एकदम वाढा आणि कमी असेल ते सगळ्यांना सारखं कमी वाढा. अपवाद फक्त गर्भार बाई, पाजणारी आई आणि लहान मुलं: त्यांना आधी.

आजच्या घरात यातलं काय लगेच सुरू करता येईल?

येसराची बरणी, शेवटी दिलेली पळीतली फोडणी, रात्री भिजवलेलं कडधान्य, झाकणावरचं पाणी. कुकरला एका शिटीनंतर आच बारीक करा आणि बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. आठवड्यातून दोनदा हुलगे किंवा मटकी. एवढ्याने गॅस, तेल आणि डाळ या तिन्हींचा खर्च खाली येतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांकडून हे लिहून घ्यायचं आहे. काय विचारू?

‘दुष्काळात काय खाल्लं?’ असं एकदम विचारलं तर बहुतेकजणी ‘काय खाणार, मिलो’ म्हणून विषय संपवतात. काहींना त्या भुकेची लाज वाटते, तिचा मान ठेवा. त्यापेक्षा छोटं विचारा. चुलीला काय लावायचात? पाणी कुठून आणायचं? कामावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचात? घरातलं आधी कोण जेवायचं? भांडी विकली का, कोणती?

मग त्यांना चुलीपुढे किंवा ओट्याशी बसवा आणि त्या सांगतील तसं तुम्ही करा. ‘मूठभर’ म्हणाल्या की त्यांच्याच हाताने पीठ घ्यायला लावा आणि ते वाटीत ओतून मोजा. ‘शिजेपर्यंत’ म्हणाल्या की घड्याळ बघा, पण रंग कसा झाला, वास कसा आला, डाव ढवळताना जड कधी लागला, हेही लिहा. फोनवर आवाज मुद्रित करत असाल तर आधी विचारा. गावाचं आणि जिन्नसाचं नाव त्यांच्या बोलीतलंच ठेवा. आणि पहिल्या पानावर त्यांचं नाव, गाव आणि बहात्तरमध्ये त्यांचं वय किती होतं ते लिहा.